अपग्रेडनंतर लॅन पडतंय? जुना कर्नल पुसू नका

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात आठ कॉम्प्युटर आणि एक फाइल सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे साधा असेंबल केलेला डेस्कटॉप, त्यावर उबुंटू लिनक्स आणि नेटवर्कवर फाइली वाटून देणारा सांबा. मागच्या रविवारी २२.०४ वरून २४.०४ वर अपग्रेड केलं. सोमवारपासून दिवसातून चार-पाच वेळा सर्व्हर नेटवर्कवरून गायब होतो, आणि बहुतेक वेळा मंडळी दुपारी जेवून परतली की. मशीन चालू असतं, माऊस हलतो, पण पिंग लागत नाही. रिस्टार्ट मारला की परत सुरळीत. सर्व्हरपासून स्विचपर्यंतची केबल बदलून झाली. कुणी म्हणतं नेटवर्क कार्डाच्या कंपनीचा वेगळा ड्रायव्हर टाका, कुणी म्हणतं फॉरमॅट मारा. जीएसटीची २० तारीख तोंडावर आहे. काय करावं?

फॉरमॅट मारू नका. २४.०४ कोरं टाकलं तरी कर्नल (उबुंटूचा गाभा) बहुधा तोच, कार्ड चालवणारा ड्रायव्हर तोच आणि कार्डही तेच. रविवार जाईल आणि सोमवारी जेवणानंतर पुन्हा तीच बोंब. वेगळा ड्रायव्हरही आज नको, का ते पुढे सांगतो. आज एवढंच बघायचं की ऑफिस चालू राहावं. त्याचा सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्याच डिस्कवर पडलाय, तो म्हणजे आधीचा कर्नल. मशीन सुरू होताना एस्केप दाबा (जुन्या धाटणीचा बायोस असेल तर शिफ्ट धरून ठेवा), ग्रबच्या (काय बूट करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा आणि आधीचा कर्नल निवडून बूट करा. वरचं उबुंटू २४.०४ च राहतं, फक्त बुड बदलतं. सांबाला, युजरना, फोल्डरच्या परवानग्यांना त्याने काही फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सर्व्हर एकदाही पडला नाही, तर तुमची दोन कामं झाली. ऑफिस मार्गी लागलं, आणि दोष नव्या कर्नलच्या बाजूला आहे याचा पहिला पुरावा हातात आला. जुन्या कर्नलवरही पडला, तर दोष नव्या कर्नलचा नसावा. मग खालचा केबल-स्विचचा भाग आधी वाचा.

पण हा जुना कर्नल जपा. अपग्रेड संपताना उबुंटू विचारतं, जुनी पॅकेजेस काढू का? आपण घाईत 'हो' म्हणून मोकळे होतो. राहिलंसाहिलं 'एपीटी ऑटोरिमूव्ह' पुसून टाकतं. मी हे स्वतःच्या हाताने केलंय. एका ठिकाणी बिघाड शोधायला बसलो, डिस्क भरलेली दिसली, सवयीने ऑटोरिमूव्ह मारलं आणि तुलना करायला एकमेव साक्षीदार होता तोच घालवला. पुढचा दीड दिवस नुसते अंदाजपंचे. म्हणून आधी 'एपीटी-मार्क मॅन्युअल' लावून त्या कर्नलची इमेज, मॉड्यूल्स आणि मॉड्यूल्स-एक्स्ट्रा ही तिन्ही पॅकेजेस हाताने टाकल्यासारखी खूण करून ठेवा. मग ऑटोरिमूव्ह त्यांच्या वाटेला जात नाही. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर नेहमीच्याच अक्षरांत टाका.)

इथे एक गोम आहे, तिच्यात चांगले चांगले अडकतात. २२.०४ म्हणजे ५.१५ कर्नल, असं सगळे धरून चालतात. सर्व्हरची आवृत्ती टाकली असेल तर ते बहुधा खरं. पण डेस्कटॉपची आवृत्ती असेल तर उबुंटू तिच्यात नव्या हार्डवेअरसाठीचा कर्नल आपोआप आणत राहतं, आणि २२.०४ वर शेवटी ६.८ आला. २४.०४ सोबत सुरुवातीला आला तोही ६.८ च. म्हणजे तुमच्याकडे अपग्रेडच्या आधीही ६.८ चालत असेल आणि आताही ६.८ च असेल, तर रविवारी कर्नलची पिढी बदललीच नाही, आणि चोर दुसरीकडे शोधायला हवा: फर्मवेअरच्या (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पॅकेजात, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये किंवा वीज वाचवणाऱ्या एखाद्या सेवेत. म्हणून गृहीत धरू नका, बघा. 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' जुन्या बूटांची यादी देतं. अपग्रेडच्या आधीच्या शनिवारचा बूट निवडून त्याच्या कर्नल-नोंदीची पहिली ओळ वाचा, आवृत्ती तिथेच लिहिलेली असते. जुना कर्नल पुसला गेला असेल तर २२.०४ चा लाइव्ह पेनड्राइव्ह चालतो, काही इन्स्टॉल न करता त्यावर दुपार काढून बघता येते. मात्र आयएसओ (पेनड्राइव्हवर टाकायची उबुंटूची फाइल) अगदी सुरुवातीची घ्या. २२.०४.५ ची डेस्कटॉप आयएसओ आणली तर तिच्यात ६.८ च निघेल आणि तुम्ही नव्याची तुलना नव्याशीच करत बसाल.

आता मूळ मुद्दा. 'आधी चालत होतं, अपग्रेडनंतर बिघडलं' याला आमच्यात रिग्रेशन म्हणतात. पण अपग्रेडनंतर बिघडलं ते सगळं अपग्रेडमुळेच बिघडलं असं नसतं, आणि नागपुरात तर नाहीच. आपल्याकडे लॅनची केबल या खोलीतून त्या खोलीत जाताना सरळ गच्चीवरून जाते. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते; तेवढं दरवर्षी होत नसलं तरी मे महिन्यात उघड्या स्लॅबवर पडलेल्या साध्या केबलचं आवरण कडक होऊन तडकतंच. जूनपर्यंत कुणाला काही कळत नाही. जुलैत झड लागते, तडकलेल्या जागी पाणी शिरतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात कुणीतरी कॉम्प्युटर अपग्रेड केलेला असतो. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी दोन तास ड्रायव्हर खालीवर करत होतो. तिथली रिसेप्शनवरची ताई शेवटी म्हणाली, "दादा, पाऊस आला की जाऊन राहिलं न नेट, पाऊस थांबला की येऊन राहिलं." गच्चीवर गेलो तर केबलवर कबुतरांच्या चोचींचे घाव आणि जोडावर नुसता चिकटपट्टीचा बोळा. त्या दिवसापासून आधी माणसांना विचारतो, मग लॉग वाचतो.

केबलची शहानिशा पाच मिनिटांत होते. 'ईथटूल' पुढे कार्डाचं नाव लिहा, समजा ईएनपी३एस०, आणि स्पीडची ओळ बघा. १००० ऐवजी १०० दिसलं तर बहुतेक वेळा केबलची एखादी जोडी गेलेली असते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० च्या वेगाला दोनच पुरतात (१, २, ३ आणि ६ नंबरच्या तारा), त्यामुळे अर्धी मेलेली केबलसुद्धा 'कनेक्टेड' दाखवते आणि आपण ड्रायव्हरला शिव्या देतो. त्यानंतर 'आयपी -एस लिंक' लावून एररचे आकडे बघा, तासाभराने परत बघा. आकडे चढत असतील तर केबल, जॅक किंवा स्विचचा पोर्ट. शून्यावर स्थिर असतील आणि तरी नेट पडत असेल तर कार्ड आणि ड्रायव्हरकडे वळायचं. स्विचचा तो छोटा काळा अ‍ॅडॅप्टरही हाताने चाचपून बघा. उन्हाळ्यात तो फुगून मरणपंथाला लागला असेल तर सगळे लाइट लागलेले दिसतात, आणि लोड आला की स्विच मान टाकतो.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते 'जेवून परतल्यावर'. नेट कधी पडतं त्यावरून अर्धं निदान होतं. मशीन निवांत असताना पडत असेल तर संशय वीज वाचवण्यावर. मोठी फाइल चालू असताना, बॅकअप घेताना पडत असेल तर ऑफलोडवर, म्हणजे पॅकेटची कापाकापी कर्नलने करायची की कार्डाने, या वाटणीवर. आणि बूट झाल्यापासून आलंच नाही तर फर्मवेअर, मॉड्यूल किंवा कार्डाचं बदललेलं नाव. हा नियम नाही, माझा ठोकताळा आहे; पण सुरुवात कुठून करायची ते सांगायला पुरेसा आहे.

पुढच्या वेळी पडलं की लगेच रिस्टार्ट मारू नका. दोन मिनिटं ऑफिसचा आरडाओरडा सहन करा. सर्व्हरच्या कीबोर्डवर बसून 'डीमेसेज' (कर्नलची नोंदवही) उघडा आणि शेवटच्या पन्नास ओळींचा मोबाइलवर फोटो काढा. रिस्टार्ट आधीच मारून झाला असेल तर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' मागच्या बूटची कर्नल-नोंद देतं, तेवढ्यावर भागतं. त्यात 'नेटडेव्ह वॉचडॉग' आणि 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' असं दिसलं तर त्याचा अर्थ असा: कर्नलने कार्डाला पॅकेट पाठवायला दिलं, बराच वेळ वाट बघितली, पण 'पाठवलं' असा निरोप कार्डाकडून आलाच नाही. मग 'एलएसपीसीआय' चालवा. कार्डाच्या ओळीच्या शेवटी 'रेव्ह एफएफ' दिसलं तर प्रकरण आणखी खोल आहे. कार्ड पीसीआय बसवर, म्हणजे मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाटेवर, उत्तरच देत नाही, जे विचाराल त्याला सगळे एकच-एक बिट परत येतात. झोपलेलं उठलं नाही, असं समजा.

याच वेळी एक प्रयोग करून घ्या: ड्रायव्हर काढून परत लावा. 'मॉडप्रोब -आर आर८१६९' आणि पाठोपाठ 'मॉडप्रोब आर८१६९' (आर८१६९ हे ड्रायव्हरचं नाव, तुमचा कोणता ते कसं बघायचं ते पुढे). एवढ्यावर नेट आलं तर पूर्ण मशीन रिस्टार्ट करायची गरज नव्हती, आणि बिघाड कार्ड-ड्रायव्हरच्या संसारातलाच आहे हे कळलं. मात्र दोन्ही कमांड एकाच ओळीत लिहा आणि मशीनसमोर बसून लिहा. मी एकदा नागपुरात सदरमध्ये घरी बसून एसएसएचवरून (दुरून टर्मिनल चालवायची सोय) शहराबाहेर बुटीबोरीच्या एका कारखान्यातल्या मशीनवर पहिली कमांड दिली. दुसरी द्यायला नेटच उरलं नव्हतं. रात्री साडेदहाला गाडी काढली.

मी आर८१६९ म्हणतोय, कारण असेंबल केलेल्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर दहापैकी आठ वेळा रिअलटेक कंपनीचंच कार्ड निघतं. खात्री करायला 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा. कार्डाचा आयडी, त्याला चालणारं मॉड्यूल आणि सध्या वापरात असलेला ड्रायव्हर असं सगळं एकत्र दिसतं. आयडी १०ईसी:८१६८ दिसेल आणि लोक तिथेच थांबतात. थांबू नका. हा एकच आयडी रिअलटेकच्या कितीतरी पिढ्यांच्या चिपना लावलेला आहे. खरी ओळख डीमेसेजमध्ये ड्रायव्हर सुरू होतानाच्या ओळीत असते: चिपचं नाव आणि 'एक्सआयडी' पुढचा आकडा. एक्सआयडी ५४१ म्हणजे आरटीएल८१६८एच, ४सी० म्हणजे त्याच्या आधीची आरटीएल८१६८जी ही पिढी. शेजारच्या दुकानात 'सेम कार्ड' मस्त चालतंय, याला या आकड्याशिवाय अर्थ नाही.

आता तुमच्या बाबतीत मला ज्याचा सगळ्यात जास्त संशय आहे, ते एएसपीएम. पीसीआय एक्सप्रेसच्या तारांवर काही चालू नसलं की ती जोडणी झोपवून वीज वाचवायची, ही ती सोय. झोपेच्या पायऱ्या आहेत: एल०एस हलकी डुलकी, एल१ झोप, आणि एल१.१, एल१.२ या आणखी गाढ. मदरबोर्ड, बायोस आणि कार्ड तिघांचं जमलं तर काही कळतही नाही. नाही जमलं तर कार्ड झोपतं आणि हाका मारल्या तरी उठत नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचीही यात कायम ओढाताण चालते: झोप बंद ठेवली तर लॅपटॉपवाले बॅटरीसाठी ओरडतात, चालू केली तर काही बोर्डांवर नेट पडतं. २०२३ मध्ये ६.४ कर्नलच्या काळात आर८१६९ मध्ये नेमकं हेच झालं. आरटीएल८१६८एच आणि त्यापुढच्या चिप असलेल्या बऱ्याच मशीनवर तक्रारी आल्या, आणि हा ड्रायव्हर सांभाळणारे हाइनर कालवाइट यांना केलेला बदल मागे घ्यावा लागला. म्हणजे तुमच्यासारखे तुम्ही एकटे नाही.

तपासायची रीत. 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' मध्ये कार्डाच्या 'एलएनके-सीटीएल' ओळीत 'एएसपीएम एल१ एनेबल्ड' दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर /सिस/क्लास/नेट/ईएनपी३एस०/डिव्हाइस/लिंक या फोल्डरात एल१_एएसपीएम नावाची फाइल असते, तिच्यात १ असेल. रूट होऊन तिच्यात ० लिहा. रिस्टार्ट लागत नाही, परिणाम लगेच, आणि मशीन रिस्टार्ट केलं की आपोआप पूर्ववत. प्रयोगाला याहून सोयीचं काही नाही. शून्य लिहा, जेवणाची सुट्टी होऊ द्या, आणि सगळे तर्री-पोहे खाऊन येईस्तोवर सर्व्हरला हात लावू नका. दोन-तीन दुपारी नेट टिकलं तर परत १ लिहा आणि पुन्हा पडतंय का ते बघा. ही उलटी चाचणी कंटाळवाणी वाटते, बहुतेक जण ती गाळतात. गाळू नका. बंद केल्यावर थांबलं आणि चालू केल्यावर परत सुरू झालं, तरच ते कारण. नाहीतर त्या तीन दिवसांत नुसता पाऊस उघडला असेल.

ठरलं की कायमचं करायचं. सगळीकडे सल्ला मिळेल, ग्रबमध्ये 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' लिहा. नाव वाचून वाटतं की याने झोप बंद होईल. होत नाही! याचा अर्थ एवढाच, की कर्नलने या सेटिंगला हात लावायचा नाही, बायोसने जे करून ठेवलंय ते तसंच राहू द्यायचं. बायोसने झोप चालू करून ठेवली असेल तर ती चालूच राहते. मग लोक म्हणतात, एएसपीएम बंद करून पाहिलं, उपयोग झाला नाही. त्याऐवजी 'पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स' लिहा, 'अपडेट-ग्रब' चालवा, रिस्टार्ट करा आणि 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' मध्ये 'डिसेबल्ड' आलंय हे डोळ्यांनी बघा. बायोसमध्येच पर्याय असेल तर तिथून बंद करणं त्याहून पक्कं. दिवसभर चालणाऱ्या डेस्कटॉपला विजेचा जो फरक पडेल तो तुमच्या कूलरच्या पंपापुढे काहीच नाही.

एएसपीएम निर्दोष निघालं तर त्याचा भाऊ बघा, ईईई. ही वीज-बचत पीसीआयच्या बाजूला नाही, केबलच्या बाजूला असते. कार्ड आणि स्विच दोघांनी मान्य केलं तरच चालते. म्हणून स्विच नवा घेतला असेल तरीही हा दोष उगवू शकतो. 'ईथटूल --सेट-ईईई' ने बंद करा, क्षणभर लिंक जाऊन परत येईल, आणि पुन्हा तोच जेवणाच्या सुट्टीचा प्रयोग. ऑफलोडचं तुमच्या लक्षणांशी जुळत नाही, पण बॅकअप चालू असतानाही पडत असेल तर 'ईथटूल -के' मोठ्या के ने लावून टीएसओ आणि जीएसओ हे दोन ऑफलोड बंद करून बघा. इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर 'डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग' असा मेसेज आला की माझा पहिला हात याच्यावरच जातो. लॅनचा वेग मोजायचा असेल तर 'आयपर्फ३' वापरा. चांगली गिगाबिट लॅन ९४० मेगाबिटच्या आसपास देते, १०० ची ९४ च्या आसपास. फाइल कॉपीचा वेग बघून निष्कर्ष काढू नका, त्यात डिस्कचंही सोंग मिसळलेलं असतं.

बूट झाल्यापासूनच नेट नसण्याचे प्रकार तुम्हाला लागू नाहीत, तरी ओझरतं. लॉगमध्ये फर्मवेअरची फाइल मागितली आणि 'एरर -२' आला तर फाइल जागेवर नाही, लिनक्स-फर्मवेअर पॅकेज बघा. कार्ड दिसतंय, ड्रायव्हर लागलाय, फक्त आयपी नाही, असं असेल तर कार्डाचं नाव बदललंय. ईएनपी२एस० चं ईएनपी३एस० झालं आणि नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये जुनंच नाव राहिलं. तिथे नावाऐवजी मॅक अ‍ॅड्रेसवर (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर) जुळवणी करा म्हणजे पुढच्या वेळी त्रास नाही.

आता तो 'वेगळा ड्रायव्हर'. रिअलटेकचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, नाव आर८१६८. कार्ड ८१६८, ड्रायव्हर आर८१६८, म्हणजे हाच बरोबर आणि आर८१६९ चुकून लागलाय, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. कर्नलसोबत येणारा आर८१६९ याच कार्डांसाठी आहे, नुसता नावाचा घोटाळा. आर८१६८ कर्नलच्या बाहेरचा आहे. तो डीकेएमएस नावाच्या यंत्रणेमार्फत दर नव्या कर्नलसाठी तुमच्याच मशीनवर नव्याने कंपाइल व्हावा लागतो. कर्नलच्या आतल्या रचना बदलत राहतात, आणि ज्या दिवशी तो कंपाइल होत नाही त्या दिवशी तुमचं नेट जातं.

हे एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात पाहिलंय. आधीच्या माणसाने आर८१६८ टाकला होता, आणि आर८१६९ मध्ये पडू नये म्हणून मॉडप्रोब.डी फोल्डरात स्वतः 'ब्लॅकलिस्ट आर८१६९' अशी ओळ लिहिली होती. दोन वर्षं गाडी छान चालली. मग अपग्रेड झालं, नव्या कर्नलवर आर८१६८ कंपाइल झाला नाही आणि आर८१६९ ला दार बंद. 'एलएसपीसीआय -के' मध्ये 'कर्नल मॉड्यूल्स' पुढे आर८१६९ लिहिलेलं, पण 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही. तिथला पोरगा मला विचारतो, "काऊन भाऊ, कार्ड जळलं का?" कार्ड ठणठणीत होतं. ती ओळ काढली, 'अपडेट-इनिट-रॅमएफएस -यू' चालवलं (हे विसरलात तर जुनी ब्लॅकलिस्ट बूटच्या डब्यात तशीच राहते आणि तुम्ही डोकं खाजवत बसता), आणि रिस्टार्ट केल्यावर नेट आलं. सिक्युअर बूट (सही असलेलंच चालू देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर आणखी एक फाटा: ड्रायव्हर कंपाइल होतो, पण सही नसल्यामुळे कर्नल घेत नाही, 'की वॉज रिजेक्टेड' म्हणतो. म्हणून माझा आग्रह, आर८१६८ शेवटी. एएसपीएम, ईईई, बायोस अपडेट सगळं हरलं तरच, आणि तेव्हाही कुठेतरी लिहून ठेवून.

माझ्या बॅगेत एक यूएसबी-लॅन अ‍ॅडॅप्टर कायम असतो. नेट पूर्ण गेलेल्या मशीनवर पॅकेज आणायचं कसं, हा प्रश्न त्याने मिटतो. तो नसेल तर मोबाइलची यूएसबी टेदरिंग. २० तारखेपर्यंत जुना कर्नलही रुसला तर हाच अ‍ॅडॅप्टर लावून ऑफिस चालवा, सांबाला फरक कळणार नाही. फक्त आयपी त्याच्यावर हलवायला विसरू नका.

रिटर्न भरून झाले की एखाद्या रविवारी पुढचं. आधी सगळ्यात नवा मेनलाइन (उबुंटूचे फेरफार नसलेला मूळ) कर्नल टाकून बघा. उबुंटूच्या कर्नल टीमकडे तयार मिळतात, त्यांवर सही नसल्याने सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागतं. नव्यात दोष गेला असेल तर दुरुस्ती झालेली आहे, ती आपल्याकडे यायची वाट बघायची. गेला नसेल आणि तुमचा चांगला कर्नल खरोखर ५.१५ असेल, तर तिथून ६.८ पर्यंत तेराच पायऱ्या आहेत. मधला घ्या, बूट करा. पडला तर खालच्या अर्ध्यात शोधा, टिकला तर वरच्या. चार बूटांत कोणत्या आवृत्तीपासून बिघडलं ते सापडतं. अडचण एकच, दर वेळी एक जेवणाची सुट्टी लागते. लिनक्समध्ये आधी चालत असलेलं मोडणं हा मोठा दोष मानतात, खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यावर कुणाची गय करत नाहीत, पण त्यासाठी 'नेट चालत नाही' एवढं सांगून भागत नाही. एक्सआयडी, शेवटचा चांगला कर्नल, पहिला वाईट कर्नल, वॉचडॉगच्या ओळी, आणि कशाने थांबतं, एवढं 'उबुंटू-बग लिनक्स' मधून कळवा. एवढ्या पाच गोष्टी असतील तर पलीकडचा माणूस तुमचं ऐकतो.

आणि ग्रबच्या फाइलमध्ये जी ओळ टाकाल तिच्या वर हॅश लावून तारीख आणि कारण लिहा: 'कार्ड एक्सआयडी अमुक, कर्नल ६.८, जेवणानंतर लॅन पडत होतं म्हणून; नवा कर्नल आला की काढून एक दुपार बघणे.' बुटीबोरीच्या त्या मशीनवर मागच्या वर्षी मला अशीच एक ओळ सापडली, कारण नाही, तारीख नाही. कोणत्या बहाद्दराने लिहिली म्हणून तिथल्या पोरांवर चिडलो. मग जुनी डायरी चाळली तर ती माझीच निघाली.